तालुका, राजीनामा, उपन्यास : हैदराबादी मुलखातील शब्दांचे संसार

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू भाषकांचे 8, मराठी भाषकांचे 5 आणि कानडी भाषकांचे 3 असे 16 जिल्हे एका अंमलाखाली नांदत होते, आणि या सर्वांवर दरबारची भाषा म्हणून आरंभी फारसी व 1884 च्या सुमारास तिच्या जागी आलेली उर्दू अधिष्ठित होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरविले. अशा मुलखात नांदेड-परभणीकडून नोकरीसाठी राजधानीत येऊन सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत स्थिरावलेल्या मराठी गृहस्थाला घरात मराठी, बाजारात दखनी वा तेलुगू आणि कचेरीत उर्दू असे तिहेरी जीवन जगावे लागे, व एकच शब्द या तिन्ही ठिकाणी त्याला निरनिराळ्या अर्थांनी भेटे. अशा शब्दांचा विचार मी येथे तीन वर्गांत करणार आहे.

पहिला वर्ग दफ्तरी शब्दांचा. ‘तअल्लुक’ या अरबी शब्दाचा अर्थ संबंध, आणि उर्दूत तो आजही दोन माणसांमधील स्नेहसंबंधासाठी योजला जातो. परंतु एखाद्या अधिकाऱ्याशी ‘संबद्ध’ असलेला मुलूख या नात्याने तोच शब्द महसुली विभागाला लागला व त्यातून आपला ‘तालुका’ सिद्ध झाला. तेलुगूने याच शब्दाचे ‘तालूकु’ असे रूप करून त्याला षष्ठीच्या प्रत्ययासारखे राबविले. लग्नघरी ‘वराकडची मंडळी’ म्हणावयाचे झाले तरी तोच कामी येतो. ‘तालुकदार’ या पदाची कथा याहून उद्बोधक आहे. अवधमध्ये तालुकदार म्हणजे मोठा जमीनदार. हैदराबादेत तो प्रथम सरकारच्या वतीने सारा वसूल करणारा मक्तेदार होता. पण 1853 ते 1883 या दीर्घ काळात दिवाणगिरी करणाऱ्या पहिल्या सालारजंगांनी 1865 साली जिल्हाबंदी करून पगारी अधिकारी नेमले, तेव्हा ‘अव्वल तालुकदार’ हे जिल्ह्याच्या कलेक्टरचे नामाभिधान झाले, आणि तालुक्याचा कारभार मात्र तहसीलदाराकडे राहिला. तोच तालुका शेजारच्या मुंबई इलाख्यात मामलेदार पाही. पुढे 1985 साली आंध्र प्रदेश सरकारने तालुके मोडून ‘मंडल’ निर्माण केले. म्हणजे जो शब्द पुण्यामुंबईच्या माणसाला गणेशोत्सवाची वर्गणी किंवा परीक्षा घेणारी संस्था आठवून देतो, तो हैदराबादकडील शेतकऱ्याला सातबारासारख्या कामांसाठी जावे लागणाऱ्या कचेरीची आठवण करून देतो.

‘राजीनामा’ हा याच वर्गातील दुसरा शब्द. उर्दूत राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींनी संमतीने लिहून दिलेला तडजोडीचा लेख. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिघींत मात्र तो नोकरी वा अधिकारपद सोडल्याचा लेख आहे. संमतीतून त्याग कसा निघाला, याचा माग मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलात लागतो. तेथे जमीन सोडणाराने स्वखुषीचा राजीनामा द्यावयाचा आणि ती घेणाराने कबुलायत लिहावयाची, अशी वहिवाट होती. त्या कागदात खुषी आणि सोडणे या दोन्ही कल्पना एकत्र आल्या होत्या, व कालांतराने खुषी मागे पडून सोडणे तेवढे शब्दाला चिकटून राहिले. याच धातूची ‘रजा’ उर्दूत ईश्वराची वा वडीलधाऱ्यांची मर्जी असते, तर मराठी व कानडीत ती कामावरून मिळालेली सुटी होते, कारण सुटी ही अखेर वरिष्ठाच्या मर्जीनेच मिळावयाची.

दुसरा वर्ग संस्कृतोद्भव शब्दांचा. ‘शिक्षा’ हे वेदांगांपैकी एक, उच्चारशास्त्राचे नाव. हिंदीने तिला विद्यार्जनाच्या अर्थी ठेवले, तर मराठी, तेलुगू व कानडी यांनी तिला दंडाचा अर्थ दिला. ‘उपन्यास’ म्हणजे मुळात समोर मांडणे; हिंदी व बंगालीत ती दीर्घ कथा झाली, तेलुगू व कानडीत व्याख्यान झाले, आणि मराठी व कानडी या दोघींनी दीर्घ कथेसाठी बाणभट्टाच्या नायिकेचे, ‘कादंबरी’ हे नाव घेतले. ‘अवसर’ हिंदीत संधी, मराठीत सवड, तेलुगूत गरज आणि कानडीत घाई आहे. संस्कृत समान असल्याने अर्थही समान असणार, असे गृहीत धरणारा भाषांतरकार याच शब्दांपाशी हमखास फसतो.

तिसऱ्या वर्गातील शब्दांचे साम्य केवळ ध्वनीचे आहे, कूळ निराळे. मराठीचा ‘दोर’ प्राकृतातून आलेली रज्जू होय; तेलुगूचा ‘दोर’ हा द्राविड कुळातला धनी, ज्याच्या जुलमाविरुद्ध 1946 ते 1951 या काळात तेलंगणातील शेतकरी शस्त्र घेऊन उठला. मराठीतले ‘मन’ संस्कृत, तर तेलुगूतले ‘मन’ म्हणजे ‘आपले’. परंतु परके वाटणारे हे शब्दही आपल्याला स्वतःविषयी काही सांगतात. ऐकणाऱ्याला सामील करून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा जो भेद मराठी करते, तोच तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’ यांत आहे. संस्कृतात तो नाही, आणि मराठीत तो द्राविड भाषांच्या सहवासातून रुजला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

एवढ्या उदाहरणांवरून माझा निष्कर्ष हा की, मूळ अर्थ तोच शुद्ध व इतर सर्व अपभ्रष्ट, ही समजूत टाकून दिली पाहिजे. शब्दाची व्युत्पत्ती त्याचे कूळ सांगते. त्याचा अर्थ मात्र ज्या कचेरीत, शेतात व घरात तो वापरला गेला तेथेच ठरतो. हा प्रश्न केवळ विद्वानांच्या विनोदनाचा नाही. निजामी अमदानीतील उर्दू कागदात ‘राजीनामा’ दिसताच कोणी नोकरी सोडली असे समजणारा, किंवा ‘तालुकदार’ म्हणजे अवधसारखा जमीनदार असे मानणारा अभ्यासक मराठवाड्याचा इतिहासच चुकीचा लिहील. माधव जूलियनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध करून मराठी भाषेवर मोठे उपकार केले. त्याच निष्ठेने हैदराबाद संस्थानाच्या दफ्तरी शब्दांचा, उर्दू, मराठी, तेलुगू व कानडी अर्थ शेजारी शेजारी देणारा कोश आता झाला पाहिजे. हे कागद वाचू शकणारी, चारही भाषा कानांवर घेत वाढलेली पिढी वृद्ध झाली आहे. ज्यांच्या घरी अशी वडील माणसे असतील, त्यांनी त्यांच्याकडून हे शब्द आणि त्यांचे प्रयोग आजच लिहून घ्यावेत, अशी माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे.