लहान दूरचित्रवाणी संचाची निवड

वादळात वीज गेली असता बॅटरीवर चालणारा लहान दूरचित्रवाणी संच अमेरिकेच्या किनारपट्टीवर मोठा आधार वाटे. १२ जून २००९ रोजी तेथील पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण थांबविले आणि ते संच जवळजवळ निरुपयोगी ठरले. म्हणून निवड करताना पडद्याच्या आकाराआधी संचात त्या देशाच्या पद्धतीचा अंकीय ग्राहक आहे काय, हे पाहावे. जपानी पद्धतीचा संच अमेरिकेत चालत नाही.

जुन्या संचात संदेश क्षीण झाला, तर चित्रावर पांढरे ठिपके उमटत. तरी बातमी कळे. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते, त्याखाली एकदम नाहीसे होते. संकटकाळी हा दोष लहान नव्हे. अशा वेळी एरियल खिडकीशी न्यावे. वीतभर सरकविल्यानेही कित्येकदा चित्र परतते.