लपून बसणाऱ्या माशाचं जेवण

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी फिशटँकचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "कूली लोच आणले, चार दिवस दिसले आणि गायब! मेले म्हणावं तर सापडतही नाहीत." आमच्याकडे हे मासे बरीच वर्षं आहेत, म्हणून ही तक्रार माझ्यापर्यंत येते. आरोग्य आणि अर्थ या सदरात माशाचं काय काम, असं आपल्याला वाटेल. पण मासा उपाशी राहतो, पाणी बिघडतं आणि पैसे वाया जातात, ते बहुधा एकाच गैरसमजामुळे.

कूली लोच दिसतो छोट्या वामेसारखा. तीन-चार इंच लांब, अंगावर पिवळसर आणि काळपट पट्टे, तोंडाजवळ बारीक मिशा. नावाचा हमालाशी काही संबंध नाही. हाइनरिश कूल हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ 1821 साली जावा बेटावर अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला, त्याचं नाव या माशाला दिलेलं आहे. मासा आग्नेय आशियातला. तिथल्या संथ ओढ्यांत, कुजलेल्या पानांच्या थराखाली दिवस काढायचा आणि अंधार पडला की मिशांनी चाचपत किडे-अळ्या शोधायच्या, हा त्याचा क्रम. आपल्या टँकमध्येही तो हेच करतो. दिवसा लपणं हा आजार नाही. उलट लपायला जागा नसेल तर तो घाबरून खाणंच कमी करतो. म्हणून तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी (टोकदार खड्यांनी मिशा झिजतात), वर एखादं लाकूड आणि थोडी झाडं. निदान पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत. एकटा ठेवलेला फार क्वचित बाहेर येतो.

आता मुख्य मुद्दा जेवणाचा. बहुतेक घरांत संध्याकाळी दिवा चालू असताना वर तरंगणारे फ्लेक्स टाकतात. ते टेट्रा, गप्पी वगैरे चपळ मंडळी वरच्या वर फस्त करतात. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी कूलीची गत होते. मग मालकाला दया येते आणि तो दुप्पट खाणं टाकतो. ते खड्यांत अडकून कुजतं, अमोनिया वाढतो आणि सगळ्यांच्याच जिवावर बेततं.

मी असं करते. संध्याकाळी वरच्या माशांना थोडं खाऊ घालायचं. रात्री दिवा बंद करून अर्धा तास जाऊ द्यायचा. मग तळाला बसणाऱ्या दोन-तीन गोळ्या लाकडाजवळ, रोज एकाच ठिकाणी टाकायच्या. काही दिवसांत त्यांना ती जागा कळते. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म किंवा डॅफ्निया कपभर पाण्यात विरघळवून ड्रॉपरनं खाली सोडायचे. सकाळी काही उरलं असेल तर नळीनं ओढून घ्यायचं आणि त्या रात्रीपासून प्रमाण कमी करायचं. पुरेसं मिळतंय की नाही हे पोटावरून कळतं. रात्री मंद टॉर्च लावून बघावं. पोट किंचित गोल असेल तर ठीक. आत गेलेलं असेल तर उपासमार, आणि खाऊनही रोडच राहिला तर पोटात जंत असण्याची शक्यता. हे मासे बरेचदा ओढ्यांतून पकडून आणलेले असतात. औषध मात्र जपून द्यावं. याचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे तांबं असलेली औषधं त्याला लवकर बाधतात.

पाण्याबद्दल एकच सांगते. भारतात आपण बादलीत पाणी रात्रभर ठेवून वापरायचो. त्यानं क्लोरीन उडून जातो. पण इथे अमेरिकेत बऱ्याच शहरांच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते तसं रात्रभरात उडत नाही. दुकानात मिळणारं वॉटर कंडिशनर घालायलाच हवं. काही डॉलर वाचवण्याची ही जागा नव्हे.

आपल्या तब्येतीचंही थोडं. ब्लडवर्म म्हणजे डासासारख्या एका कीटकाच्या अळ्या. काहींना त्यांची ॲलर्जी होते, विशेषतः वाळवलेल्या अळ्यांच्या भुकटीची. दमेकऱ्यांनी त्यांपासून दूरच राहावं. हाताला जखम असताना टँकमध्ये हात घालू नये. त्या पाण्यातल्या एका जंतूमुळे त्वचेवर गाठ येते आणि महिनोन्‌महिने बरी होत नाही. अशी गाठ आली तर घरी फिशटँक आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. ते विचारतीलच असं नाही.

राहिला प्रश्न इंडिया ट्रिपचा. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. चार आठवड्यांसाठी मात्र सोय हवी. पाण्यात हळूहळू विरघळणारे ठोकळे मिळतात, ते मला पसंत नाहीत, पाणी घाण करतात. त्यापेक्षा आजी-आजोबांच्या गोळ्यांची वारवार कप्प्यांची डबी असते ना, तशा दोन घ्याव्यात. एकेका कप्प्यात एकेका वेळचं खाणं भरावं आणि शेजाऱ्यांनी दिवसाआड रात्री एक कप्पा रिकामा करावा. रिकामा झालेला कप्पा प्रेमानं पुन्हा भरू नये, हे टँकवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावं.