संग्रहाची आवराआवर

व्यापारी घरांत दिवाळीच्या सुमारास दुकानातील मालाची मोजदाद होते. पडून राहिलेला माल कोणता, हे वर्षातून एकदा तरी मालकाच्या ध्यानात येते. घरातल्या कपाटांची अशी मोजदाद मात्र सहसा होत नाही. साठी उलटल्यावर ती वेळ माझ्यावर आली. कारण गावातील मोठे घर सोडून पुण्यास मुलाजवळ लहानशा सदनिकेत राहावयास जाण्याचे ठरले.

आमच्या सौ.नी आपला भरतकामाचा पसारा एका दुपारी आवरला. रेशमाच्या लडी, लाकडी रिंगा, सुयांच्या डब्या आणि नक्षीचे कागद शेजारच्या मुलींना देऊन त्या मोकळ्या झाल्या. स्वतःपाशी ठेवला तो एक अर्धवट रुमाल. माझे टपाल तिकिटांचे अकरा अल्बम मात्र महिनाभर जागचे हलले नाहीत.

हा छंद मला वडिलांच्या गुळाच्या अडतीतून लागला. दुकानात गावोगावची पत्रे येत. माळ्यावर जुन्या टपालाचे गठ्ठे असत. पाकिटे पाण्यात भिजवावीत, तिकिटे अलगद सोडवावीत, टिपकागदावर वाळवावीत, हा माझा सुट्टीतील उद्योग. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले, तिरंगा व ‘जय हिंद’ असलेले साडेतीन आण्यांचे तिकीट मला असेच मिळाले. पुढे १९७४ साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त निघालेले पावापुरीच्या मंदिराचे तिकीटही संग्रहात आले.

या साऱ्यास उत्तम किंमत येईल, ही माझी समजूत एका जाणकाराने दूर केली. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक स्मारक तिकिटे मोठ्या संख्येने छापली गेली; वापरलेल्या सुट्या तिकिटांना फारसे मोल नसते. अभ्यासकांना हवे असते ते शिक्क्यासह मूळ पाकीट; पत्र कोठून, केव्हा आले हे त्यावरून कळते. तीच पाकिटे मी बालपणी पाण्यात बुडवून फेकली होती. शेवटच्या अल्बमच्या कप्प्यात एकच अखंड सापडले. तिकीट फाटके म्हणून मी ते सोडविले नव्हते. त्याच्या पाठीवर वडिलांच्या मोडी अक्षरांत गुळाच्या रव्यांचा हिशेब होता. त्यांच्या हस्ताक्षराचा माझ्यापाशी उरलेला तेवढाच कागद.

त्या वेळी बँकेतील एक प्रसंग आठवला. मृत खातेदाराचा लॉकर वारस व साक्षीदारांसमक्ष उघडून यादी करावयाची होती. दागिने सर्वांच्या ओळखीचे होते. तळाशी मात्र बाळाचे चांदीचे वाळे निघाले. ते कोणाचे, हे तिन्ही भावांना सांगता येईना. यादीत मी ‘चांदीचे वाळे, एक जोड’ एवढेच लिहिले. वस्तू वारसांना मिळाली; तिची हकीकत आईबरोबर गेली.

म्हणून मी रोजकीर्दीप्रमाणे एक वही घातली. वस्तू कोणती, कोणाकडून आली, का जपली आणि पुढे कोणाला द्यावयाची, असे चार रकाने आखले. ज्या वस्तूपुढे ‘का जपली’ हा रकाना कोरा राहिला, ती देताना हात अडखळला नाही. जोड तिकिटे गावातील शाळेच्या मुलांना दिली. पावापुरीचे तिकीट पाठशाळेत गेले. पाकीट मी ठेवले असून मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून मजकूर देवनागरीत उतरवून त्याला जोडला आहे.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर तिच्याविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत, सांगितले आहे. परिग्रह-परिमाणाचा विचार करताना आपण सोने, जमीन व रोकड मोजतो. छंदाचे सामान आणि आठवणींच्या पेट्या त्या मोजणीतून सुटतात. ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे, की हे काम मुलांवर टाकू नये. कोणती वस्तू का जपली, हे त्यांना ठाऊक नसते. ते सर्व ठेवतील किंवा सर्व टाकतील.

अकरांपैकी दहा अल्बम गेले. ‘जय हिंद’चे तिकीट असलेला पहिला अजून माझ्या कपाटात आहे. वहीत त्याच्यापुढे नातीचे नाव लिहिले आहे. येत्या पर्युषणात तो तिच्या हाती देण्याचा निश्चय केला आहे.