गोळीबारानंतरचा जाब
२००५ साली उत्तर लंडनमध्ये सशस्त्र पोलिसांनी संशयितांची मोटार भररस्त्यात आपल्या गाड्यांनी कोंडली आणि एका पोलिसाने झाडलेल्या आठ गोळ्यांत अझेल रॉडनी हा तरुण ठार झाला. संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या कॉरोनर या अधिकाऱ्यापुढे गुप्तपणे टिपलेले संभाषण मांडण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे नेहमीची चौकशी अडली. अखेर सार्वजनिक चौकशी, म्हणजे साक्षीदारांना पाचारण करू शकणारी पण कोणालाही शिक्षा न देणारी चौकशी, निवृत्त न्यायाधीश सर क्रिस्टोफर हॉलंड यांच्याकडे सोपवली गेली. पोलिसांची गाडी शेजारी थांबली न थांबली तोच पहिली गोळी सुटली होती, हा तपशील निर्णायक ठरला. २०१३ च्या अहवालाने गोळीबार कायद्याच्या कसोटीवर समर्थनीय नव्हता असे ठरवून कारवाईच्या आखणीवरही ताशेरे ओढले. २०१५ मध्ये मात्र, जिथे पुरावा निःसंशय लागतो अशा फौजदारी खटल्यात, ज्यूरीने त्या पोलिसाला खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडले.