ऊनच घालते वारा!

भिंतीवर ऊन पडले की घर तापते, हा आपला रोजचा अनुभव. पण तेच ऊन घर गारही ठेवते, हे पटेल तुम्हाला? बंगळूरच्या डोमलूर भागातील ‘टेरी’ संस्थेच्या इमारतीत वास्तुशिल्पी संजय मोहे यांनी हे साधले आहे. इमारतीच्या दक्षिणेला वास मारणारा नाला. तिकडून वारा घ्यायचा कसा? म्हणून त्या बाजूला बंद दुहेरी भिंत बांधली, बाहेरून काळ्या कडप्प्याची. कडप्पा उन्हाने तापतो, पोकळीतली गरम हवा वर निघून जाते आणि उत्तरेकडची ताजी हवा आत ओढली जाते. कडाक्याच्या थंडीच्या लेहमध्ये दक्षिणेची भिंत उलट काम करते. काचेआड दिवसभर तापून ती रात्री घराला ऊब देते.

आपले घर कसे आहे? दोन साधे तापमापक आणा. एक घरात, दुसरा बाहेर सावलीत टांगा. आठवडाभर पहाटे, दुपारी व रात्री आकडे टिपा. दुपारी आतला पारा बाहेरच्याइतकाच चढत असेल, तर पश्चिमेच्या भिंतीवर सावली हवी. रात्री तो उतरतच नसेल, तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एसीचा खर्च करण्यापूर्वी एवढे कराच!