अफवेचा गुणाकार आणि गर्दीचा राग

माणूस मुळातच भांडखोर असतो की परिस्थिती त्याला तसा बनवते? प्रश्न कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतला वाटतो, पण आम्हा सचिनकरांना तो रस्त्यावर रोज भेटतो. पाळी सुटायच्या वेळी जीआयडीसीच्या रस्त्यावर एखादी रिक्षा आडवी झाली की आधी हॉर्न, मग शिवी आणि मग थेट कॉलरला हात. दोन मिनिटांपूर्वी ही माणसं एकमेकांना ओळखतही नसतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मानसशास्त्र हा काही माझा विषय नाही. पण एखादी यंत्रणा बिघडली की ती नेमकी कुठे बिघडली हे शोधायची सवय कामामुळे लागली आहे. त्याच सवयीने या विषयावर थोडं वाचलं. त्यातलं आपल्या घराघरांत उपयोगी पडेल ते इथे मांडतो.

राग माणूस बघून येतो

फ्रॉइडच्या मते आक्रमकता माणसात उपजतच असते. कोनराड लोरेन्झ या प्राणीशास्त्रज्ञाने 1963 च्या आपल्या पुस्तकात साधारण हेच मांडलं, की ती आत साठत जाते आणि वाट मिळाली की बाहेर पडते. आपणही 'मनातली वाफ काढून टाक' म्हणतो, ते याच समजुतीतून.

1939 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं उत्तर दिलं. हवी असलेली गोष्ट मिळता मिळता अडली की माणूस चिडतो आणि त्यातून आक्रमकता येते, असं त्यांचं म्हणणं. बारा तासांची पाळी करून निघालेल्या माणसाला घर दोन किलोमीटरवर असताना वाहतूक अडवून धरते, तेव्हा काय होतं ते आपण पाहतोच.

पण अडलेला प्रत्येक जण सारखा चिडतो का? 1968 साली डूब आणि ग्रॉस या संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची मोटार मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा हॉर्न वाजवतो का ते पाहायचं. पुढे जुनाट मोटार असली तर 84 टक्के चालकांनी हॉर्न वाजवला. महागडी, चकचकीत मोटार असली तर 50 टक्क्यांनीच! अडथळा तोच, खोळंबाही तेवढाच. राग खरोखर अनावर असता तर पुढची गाडी कुठली हे बघत बसला नसता. 'वड्याचं तेल वांग्यावर' हे आपल्या आजीला प्रयोगाशिवायच ठाऊक होतं. साहेबाचा राग घरी येऊन मुलांवर निघतो, कारण मुलं उलटून बोलणार नसतात.

आणि मुलं ते पाहून शिकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बदडलं. नंतर या मुलांनीही त्या बाहुल्याला तसंच बदडलं, तोंडी शब्दसुद्धा त्या माणसाचेच! मारा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

राईनपाडा

इथवर एकेकट्या माणसाचा राग झाला. गर्दीचा राग समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. सचिन, उधना, पांडेसरा, लिंबायत भागातल्या आपल्यापैकी अनेकांची गावं धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात 1 जुलै 2018 ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं गेलं आणि काही जण ते चित्रितही करत होते.

बाजाराला आलेले हे लोक सराईत गुन्हेगार नव्हते. मग हे घडलं कसं?

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी 1947 च्या आपल्या पुस्तकात अफवेचं एक सूत्र दिलं आहे. अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले संदिग्धता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे हे महत्त्वाचं, कारण दोहोंपैकी एक शून्य झालं की उत्तर शून्य. मुलांच्या सुरक्षेचं महत्त्व कुठल्याच आईबापाला कमी करता येत नाही, करूही नये. आपल्या हातात उरते ती संदिग्धता. हे लोक कोण, कुठले, तक्रार कुणाची, कुणाचं मूल खरोखर हरवलंय का? एवढं विचारून पोलिसांना फोन केला तर गुणाकार तिथेच कोसळतो.

मग इतक्या माणसांत कुणीच का विचारत नाही? लाताने आणि डार्ली यांचा 1968 चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. खोलीत धूर येऊ लागल्यावर एकटा बसलेला माणूस असेल तर 75 टक्के जण बाहेर जाऊन सांगत. सोबत दोघे जण ढिम्म बसलेले असले तर फक्त 10 टक्के. बाकीचे गप्प आहेत म्हणजे ठीकच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. गर्दीत कितीतरी लोक मनातून घाबरलेले असतात, पण एकमेकांचे चेहरे बघून गप्प राहतात. त्या गप्प बसण्याला मारणारे संमती समजतात.

त्याच रात्री मालेगावला

राईनपाड्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यात घडलेली गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात राहिली नाही. मालेगावला याच अफवेवरून मोठ्या जमावाने परभणीकडच्या पाच जणांना घेरलं. त्यांत दोन वर्षांचं मूलही होतं. एका स्थानिक माणसाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस आले आणि पाचही जण वाचले. अफवा तीच आणि जमावही तितकाच चिडलेला. फरक पडला तो दार उघडणाऱ्या एका माणसामुळे आणि वेळेवर पोहोचलेल्या पोलिसांमुळे.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझ्या व्यवसायाच्या नजरेतून मला हा उपाय बरोबर वाटतो, पण अपुरा वाटतो. आमच्याकडे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासल्याशिवाय वापरात जात नाही. लिहिणाऱ्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर घाईत प्रत्येकाचंच काहीतरी नजरेतून सुटतं म्हणून. सोसायटीच्या ग्रुपवर 'सावधान' म्हणून आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी घरातल्या एकाला तरी दाखवावा, 'हे कुणी पाहिलंय?' एवढं ग्रुपवरच विचारावं. विचारणारा एक निघाला की दुसऱ्यालाही बोलायचा धीर येतो.

आपल्या सचिनमध्ये हे जास्तच गरजेचं आहे. इथे ओडिशाचा, उत्तर प्रदेशचा, बिहारचा आणि खानदेशचा माणूस एकाच चाळीत राहतो. कुणाची भाषा कुणाला धड कळत नाही, म्हणजे संदिग्धता आधीपासूनच भरपूर. मंगळवेढ्याहून निघालेले ते पाच जण पोटासाठी परक्या गावात फिरत होते. आपले वडील किंवा आजोबा ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला उतरले, तेव्हा या शहरासाठी तेही अनोळखीच होते. कुणीतरी त्यांना नाव-गाव विचारलं, खोली दाखवली, काम दाखवलं. आपल्या गल्लीत नवा चेहरा दिसला तर सुरुवात तिथूनच करावी. नाव विचारावं, गाव विचारावं आणि शेजारी मुलं उभी असतील तर त्यांच्या देखत विचारावं. बांडुरांनी दाखवलंच आहे, मुलं आपलं पाहूनच शिकतात.