मगनवाडीचा हिशेब आणि आपला ऊस



सेलूहून वर्धेला आपले नेहमीचेच जाणे-येणे. तेथल्या मगनवाडीचे नावही सर्वांच्या कानांवरून गेलेले. पण कापूस, तेलबिया आणि ऊस यांचा एक वेगळाच हिशेब तेथे मांडला गेला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

तो मांडणारे डॉ. जे. सी. कुमारप्पा. मूळचे तंजावरचे, पेशाने हिशेबतपासनीस, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालालजी बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याची सूत्रे सांभाळली. बैलघाणी, हातसडीचा तांदूळ, ताडगूळ, हातकागद यांवर तेथे प्रयोग चालत. त्यामागचा प्रश्न साधा होता : माल वावरातून गेल्यावर गावाकडे परत काय येते? हिंगणघाटचा कापूस गाठी बांधून विलायतेस जाई आणि कापड होऊन परत येई. राबणे आपले, पण पुढची सारी मजुरी परक्याच्या घरी. सरकी गेली म्हणजे ढोरांची ढेपही गेलीच की!

जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक लिहिले. ते १९४५ साली निघाले. आमराईतले माकड फळ खाते, झाडासाठी काही करत नाही. मधमाशी मात्र साऱ्या पोळ्यासाठी राबते. माणसाचे व्यवहारही असेच निरनिराळ्या पायरीचे असतात, असे त्यांचे म्हणणे.

आता आपले काय? कुमारप्पा गुळाच्या बाजूचे. आपल्या धुराड्याकडे पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या, हे लपवून उपयोग नाही. मात्र १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, त्यात त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. पण वार्षिक सभेला जायचेच नाही, ताळेबंद उघडायचाच नाही, तर ते मत काय कामाचे?

उरलेले अर्धे उत्तर मातीचे आहे, आणि तेथे आपण कमी पडतो असे आम्हांस वाटते. एक टन ऊस गाळला की साधारण १०० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस, ४० किलोच्या आसपास मळी आणि ३० ते ४० किलो प्रेसमड निघते. यातली साखर ही मुळात हवा आणि पाणी यांचीच. जमिनीतून घेतलेले स्फुरद बरेचसे प्रेसमडमध्ये आणि पालाश मळीत उतरते. म्हणजे साखर विकून वावर गरीब होत नाही. प्रेसमड परत न नेल्याने होते.

पाचटाचे तेच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि एका काडीने सगळा नत्र धूर होऊन जातो. खोडव्यात ते सरीत पसरावे. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल धरून राहते, पाण्याची पाळी लांबते, निंदणही कमी लागते. यंदा तोड झाल्यावर निदान एका एकरात काडी लावू नका, आणि पुढच्या खोडव्याला त्या एकराचा उतारा शेजारच्या वावराशी ताडून पाहा.